आळंदीतील चार वर्षे पूर्ण झाली. आता पुढे काय?

सप्रेम रामकृष्ण हरी.

आपले चार पानी पत्र मिळाले. आपला मुलगा सहावीनंतर आळंदीला एका वारकरी शिक्षण संस्थेत गेला, तेथील चार वर्षांचा अभ्यासक्रम त्याने यंदा पूर्ण केला, आणि त्याच काळात सतरा नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता बाहेरून परीक्षा देण्याचा अर्ज) भरून गेल्या वर्षी ५८ टक्के गुणांनी दहावीही उत्तीर्ण झाला. गावच्या सप्ताहात काल्याचे, म्हणजे समारोपाचे, कीर्तन त्याच्याकडून करवावे, त्या दिवशी घोड्यावरून मिरवणूक, चौकात फ्लेक्स आणि गावजेवण असा दीड लाखाचा समारंभ करावा, असा आपला मानस आहे. त्याच्या आईचे म्हणणे मात्र असे की, हेच पैसे आयटीआयच्या शिक्षणासाठी ठेवावेत. आजूबाजूच्या गावांतून कीर्तनाच्या तारखाही विचारल्या जाऊ लागल्या आहेत. समारंभ योग्य की अयोग्य, आणि मुलाने तारखा घ्याव्यात की कॉलेजात जावे, असे दोन प्रश्न आपण विचारले आहेत.

प्रथम मनापासून अभिनंदन, आणि ते औपचारिक नाही. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांच्या आसपास ओव्या, तुकोबांच्या गाथेतील साडेचार हजारांच्या घरातील अभंगांपैकी निवडक शेकडो, हरिपाठ, गीता, त्याबरोबर टाळ, चाली आणि पखवाजाची तोंडओळख, एवढा ऐवज पहाटेच्या काकड्यापासून रात्रीपर्यंतच्या शिस्तीत घरापासून दूर राहून आत्मसात करणे ही कोणत्याही मंडळाच्या गुणपत्रिकेत न मावणारी गोष्ट आहे. जोगमहाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली, तेव्हापासून शेतकऱ्यांच्या आणि कष्टकऱ्यांच्या मुलांना या मार्गाने ग्रंथाभ्यासाचे दार उघडले गेले. आपल्या घराण्यात ज्ञानेश्वरीचा अर्थ सांगू शकणारा हा पहिलाच मुलगा, हे आपण लिहिले आहे. त्याचा आनंद साजरा व्हायलाच हवा.

तथापि, चार वर्षे पूर्ण होणे म्हणजे अभ्यासक्रम पूर्ण होणे. कीर्तनकार होणे नव्हे. संप्रदायातील जाणती मंडळी हा भेद नीट ओळखतात. पाठांतर संपल्यावर मुलगा अनेक वर्षे जाणत्या कीर्तनकारामागे टाळ घेऊन उभा राहतो, कोणत्या अभंगाला कोणते प्रमाण, म्हणजे संतवचनाचा आधार, कुठे द्यावे हे ऐकून ऐकून शिकतो, आणि मग केव्हातरी नारदाच्या गादीवर, म्हणजे कीर्तनकाराच्या जागी, उभा राहतो. चौकातील फ्लेक्सवर सतरा वर्षांच्या मुलाच्या नावामागे ‘ह.भ.प.’ आणि पुढे ‘महाराज’ लागले की ही मधली वर्षे एका रात्रीत नाहीशी होतात, कारण ज्याला सारे गाव महाराज म्हणते त्याला दुसऱ्याच्या मागे टाळकरी म्हणून उभे राहणे जड जाते. शिवाय या वयात मुलाचा आवाज फुटत असतो. रोज दोन-दोन तास वरच्या पट्टीत गायल्याने कोवळा गळा बसलेली मुले मी पाहिली आहेत. मोबाईलवर ज्यांच्या दोन मिनिटांच्या विनोदी फिती फिरतात, त्या बालकीर्तनकारांचे पुढे काय होते, हे त्या फिती पाहणारे कधी विचारत नाहीत.

म्हणून समारंभ करावा, पण तो अभ्यासाचा करावा. माझी सूचना अशी की, आपण उभयतांनी मुलासह आळंदीला जाऊन त्याच्या अध्यापकांचे पूजन करावे, आणि ज्या घरांतून चार वर्षे त्याला माधुकरी मिळाली असे आपण लिहिता, त्या घरच्या माउलींना साडीचोळी देऊन नमस्कार करावा. वास्तविक हा मुलगा त्यांच्या भाकरीवर शिकला आहे. गावात मारुतीच्या देवळात संध्याकाळी हरिपाठ व्हावा, त्यानंतर मुलाने आपल्या आवडीची एकच ओवी घेऊन पंधरा-वीस मिनिटे निरूपण करावे, आणि सर्वांना साधा प्रसाद मिळावा. काल्याचे कीर्तन त्याच्या गुरूंनी करावे व मुलाने मागे उभे राहून चाल म्हणावी, यात त्याचा कमीपणा नसून मान आहे. घोडा आणि फ्लेक्स यांवरचा खर्च वाचवून त्याला स्वतःचा चांगला पखवाज किंवा हार्मोनियम घेऊन दिल्यास ते वाद्य पुढील वीस वर्षे त्याच्याजवळ राहील.

आता तारखांचा प्रश्न. जिथे कीर्तन करावे तिथे अन्नसुद्धा घेऊ नये, अशी तुकोबांची शिकवण आहे, आणि आज मात्र पाकीट, मानधन आणि गाडीभाडे हा व्यवहार सर्वत्र रूढ आहे. यात कोण बरोबर, हा वाद मी येथे घालणार नाही, परंतु करिअर या दृष्टीने एवढे सांगणे आवश्यक आहे की, सप्ताहांचा हंगाम वर्षातील काही महिन्यांपुरताच असतो, दुष्काळी वर्षात गावे सर्वांत आधी सप्ताहाचाच खर्च कमी करतात, आणि नाव होईपर्यंतची वर्षे जवळजवळ विनामोबदला जातात. केवळ तारखांवर प्रपंच उभा करण्याचे नियोजन सतराव्या वर्षी करू नये.

कॉलेज आणि कीर्तन यांपैकी एकच निवडावे लागते, हा समज मुळात चुकीचा आहे. जोगमहाराजांचे शिष्य शंकर वामन ऊर्फ सोनोपंत दांडेकर हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य होते, तसेच ते वारकरी संप्रदायातील मान्यवर कीर्तनकारही होते. आपल्या मुलाने कला शाखेतून अकरावीला प्रवेश घ्यावा, आणि मराठी, संस्कृत, तत्त्वज्ञान किंवा इतिहास यांपैकी जे विषय त्या कनिष्ठ महाविद्यालयात मिळतील ते निवडावेत. ज्याच्या कानात सातशे वर्षांपूर्वीची मराठी बसली आहे, त्याला मराठीची पदवी ओझे वाटणार नाही. नियमित कॉलेज जमत नसेल तर बारावीलाही सतरा नंबरचा फॉर्म भरता येतो. मात्र दहावी उत्तीर्ण झाल्यानंतर दोन वर्षांचे अंतर लागते, म्हणून त्याचा हिशेब आजच करावा व अर्जाच्या मुदतीवर लक्ष ठेवावे. पदवीनंतर बी.एड. करून शिक्षक होणे, संतसाहित्यात एम.ए. व संशोधन करणे, आकाशवाणी वा प्रकाशन क्षेत्रात काम करणे, हे मार्ग खुले राहतात. भारतीय सैन्यात धर्मशिक्षकाचे पद असते, हे अनेकांना ठाऊक नसते. त्यासाठी पदवी आणि संस्कृत किंवा कर्मकांडाची मान्य अर्हता लागते, त्यामुळे संस्कृत हा विषय आत्ता घेणे पुढे उपयोगी पडेल.

गळा आणि हात चांगले असतील तर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा द्याव्यात. गायनाप्रमाणे पखवाजाच्याही परीक्षा होतात, आणि विशारदपर्यंत पोहोचलेला मुलगा शिकवणीवर स्वतःचा खर्च भागवू शकतो.

त्याच्या आईने सुचविलेला आयटीआयचा मार्ग मी कमी लेखत नाही. इलेक्ट्रिशियन म्हणून दिवसा काम करणारे आणि रात्री उत्तम पखवाज वाजविणारे गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. या घरात व्यवहार कोण पाहते, हे मला पत्रावरून कळले, एवढेच म्हणतो.

एक गोष्ट मात्र मला खटकली. चार पानांच्या पत्रात गावाचे म्हणणे आहे, पाहुण्यांचे आहे, आपले आहे, आईचे आहे. मुलाला काय वाटते याचे एकही वाक्य नाही. त्याला कीर्तन आवडते की पखवाज, की ग्रंथ वाचत बसणे, की हे सारे पूर्ण करून आता दुसरे काही शिकावे असे त्याच्या मनात आहे, हे त्याला एकट्याला बसवून विचारावे, आणि उत्तर आपल्या इच्छेविरुद्ध आले तरी त्या चार वर्षांची किंमत कमी झाली असे त्याला जाणवू देऊ नये. त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेले एक पत्र मला पाठवावे. तोवर मंडपवाल्याला आगाऊ रक्कम देऊ नये.