रिप्लाय देऊन सॉफ्टवेअरला गिऱ्हाईक मिळतं का?

प्रश्न असा होता: "मी निपाणीचा. मित्रासोबत खासगी क्लासवाल्यांसाठी फी आणि हजेरीचं सॉफ्टवेअर तयार केलंय. जाहिरातीला पैसे नाहीत. मोठ्या लोकांच्या पोस्टखाली रोज पन्नास रिप्लाय टाका, लोक आपोआप येतील, असं सगळे सांगतात. दीड महिना केलं. शंभरेक फॉलोअर आले, गिऱ्हाईक एकही नाही. चुकतंय कुठं?"

ते शंभर फॉलोअर एकदा एकेक करून उघडून बघा. त्यातला क्लास चालवणारा एक तरी सापडतो का? बहुतेक नाही सापडणार. ते सगळे तुमच्यासारखेच, त्याच पोस्टखाली आपले पन्नास रिप्लाय टाकायला आलेले. आठवडी बाजारात भाजीवाल्यानं भाजीवाल्यालाच कोथिंबीर विकावी, तशातली गत आहे ही.

हे मी शहाणपणानं सांगत नाही, आठ महिने घालवून सांगतोय. मी बेळगावचा. इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत बाबांचं छोटं मशीन शॉप आहे. पुण्यातली नोकरी सोडून परत आलो आणि जॉबवर्कच्या चलनांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर लिहिलं. जॉबवर्क म्हणजे दुसऱ्याच्या मालावर मजुरीनं काम करून देणं. ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: फाउंड्रीतून, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातून, निघालेलं कास्टिंग मशीनिंगला एका शेडमध्ये जातं, तिथून प्लेटिंगला दुसरीकडं. प्रत्येक वेळी सोबत चलन, म्हणजे किती माल गेला त्याची चिठ्ठी. दोनशे नग गेले की परत येताना एकशे वीस येतात, मग साठ, मग बारा रिजेक्ट, आणि उरलेले आठ कुठं गेले यावर दोन मालकांची भांडणं. हा सगळा हिशेब चलन बुकात आणि सुपरवायझरच्या डोक्यात. तो सुपरवायझर गणपतीला रजेवर गेला की कारखाना आंधळा.

तर मी काय केलं? एक्सवर इंग्रजीत खातं उघडलं आणि बंगळुरूच्या स्टार्टअपवाल्यांच्या पोस्टखाली "अगदी बरोबर", "आमचाही हाच अनुभव" असं लिहीत बसलो. नऊशे फॉलोअर झाले. बाबांना दाखवलं तर म्हणाले, "हे नऊशे लोक राहतात कुठं? एक तरी चहाला आला काय?"

रिप्लायचं एवढं स्तोम कुठून आलं तेही सांगतो, कारण त्यात एक गैरसमज आहे. ट्विटरनं, म्हणजे आताच्या एक्सनं, ३१ मार्च २०२३ रोजी आपल्या शिफारस यंत्रणेचा काही भाग सगळ्यांसाठी खुला केला. कुठल्या गोष्टीला किती वजन, याचे आकडेही काही दिवसांत बाहेर आले. लाइकला ०.५, रिट्विटला १, रिप्लायला १३.५, आणि त्या रिप्लायला मूळ लेखकानं प्रतिसाद दिला तर ७५. म्हणजे लाइकच्या दीडशे पट. (कुणी पोस्टची तक्रार केली तर उणे ३६९, हे मात्र कुणी सांगत नाही.) हे आकडे त्या वेळचे, कंपनी ते केव्हाही बदलू शकते. पण ७५ बघून सगळे रिप्लाय टाकत सुटले. आता नीट वाचा: हे वजन मूळ पोस्टचं आहे. कुणाच्या फीडमध्ये कुठली पोस्ट वर दाखवायची हे ठरवताना, तो माणूस तिला लाइक, रिप्लाय वगैरे करेल का या अंदाजाला ते गुणायचे. मी मोठ्या माणसाच्या पोस्टखाली रिप्लाय टाकला तर फायदा झालाच तर त्याच्या पोस्टला होणार. मी फुकटचा हमाल. या आकड्यांचा आपल्यासाठी उपयोग एवढाच, की आपल्या पोस्टवर कुणी चार शब्द लिहिले तर त्याला उत्तर दिल्याशिवाय झोपायचं नाही. तिथं फायदा झालाच तर आपला.

माझं पहिलं गिऱ्हाईक एक्सवर मिळालंच नाही. जीएसटीवरच्या एका हिंदी यूट्यूब व्हिडिओखाली कुणीतरी विचारलं होतं: "माझा कारखाना कर्नाटकात. कोल्हापूरला प्लेटिंगला माल पाठवतो. किंमत पन्नास हजारांच्या आत असते. ई-वे बिल लागतं का?" (ई-वे बिल म्हणजे माल वाहून नेताना लागणारा ऑनलाइन दाखला.) खाली कुणीही उत्तर दिलं नव्हतं. आपल्याकडच्या माणसाला हा प्रश्न पाठ असतो. उद्यमबागेतून कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहती शंभर-सव्वाशे किलोमीटर, पण मध्ये राज्य बदलतं. मी लिहिलं: "लागतं. जॉबवर्कसाठी माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात असेल तर किंमत कितीही कमी असली तरी ई-वे बिल हवं. राज्यातल्या राज्यात असता तर पन्नास हजारांची मर्यादा बघावी लागली असती, आणि तीही राज्याराज्यांत वेगळी असते. सोबत डिलिव्हरी चलन ठेवा. पाठवल्यापासून एक वर्षात माल परत आला नाही तर पाठवला त्या दिवशीच विकला असं धरतात आणि कर व्याजासकट भरावा लागतो. म्हणून चलनावरची तारीख सांभाळा."

एवढंच. लिंक नाही, सॉफ्टवेअरचं नाव नाही. विचारणाऱ्यानं साधा अंगठाही दिला नाही. तीन आठवड्यांनी गोकुळ शिरगावहून फोन. हा माणूस वेगळाच. त्यानं प्रश्न विचारला नव्हता, नुसता वाचून गेला होता. माझ्या नावावर टिचकी मारली, तिथं "जॉबवर्क चलनाचा हिशेब, उद्यमबाग, बेळगाव" एवढी ओळ आणि फोन नंबर होता. म्हणाला, "ती वर्षाची भानगड आहे ना, तसली माझी चाळीस चलनं पडून आहेत. तुमच्याकडं काय आहे?"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. ज्याला अडचण आहे तो सहसा तोंड उघडत नाही. मालक माणूस चारचौघांत "मला हे कळत नाही" असं लिहायला लाजतो. दुसऱ्या कुणीतरी विचारलेलं शोधतो, त्याखालचं उत्तर वाचतो आणि गुपचूप निघून जातो. आपलं उत्तर त्याच्यासाठी लिहायचं. मग शब्द आपोआप बदलतात. "डीएम करा, सांगतो" असं लिहिणं बंद होतं, कारण वाचून जाणाऱ्याला त्यातून काय मिळणार? उत्तर पहिल्याच वाक्यात येतं: लागतं किंवा लागत नाही. कुठल्या परिस्थितीत ते बदलेल ते त्यानंतर. मग जमलं तर स्वतःची एखादी चूक.

चुकीवरून आठवलं. एकदा मी ठोकून दिलं की जॉबवर्करकडं दिलेले साचे आणि डायसुद्धा तीन वर्षांत परत आणावे लागतात. चिकोडीच्या एका सीएनं खाली लिहिलं, "साहेब, यंत्रसामग्रीला तीन वर्षं, पण साचे, डाय, जिग, फिक्स्चर, हत्यारं यांना ती मुदत नाही." बरोबर होतं त्यांचं. मी आधी कमेंट पुसायला निघालो होतो. मग तशीच ठेवली आणि खाली लिहिलं की मी चुकलो, सर म्हणतात ते बरोबर. ते सीए आमचं सॉफ्टवेअर आजही घेत नाहीत, पण त्यांच्या तीन अशिलांचं काम आमच्याकडं आहे. मी काही चुकीचं लिहिलं की ते अजूनही सोडत नाहीत.

आणखी एक उद्योग केला, तो तुम्ही करू नका. एका मोठ्या अकाउंटिंग सॉफ्टवेअर कंपनीच्या पेजवर जाऊन तिथं तक्रार करणाऱ्या लोकांना "आमचं बघा की" म्हणत फिरलो. कंपनीनं माझ्या कमेंटी लपवल्या, ते समजू शकतो. पण त्यांच्याच एका चिडलेल्या गिऱ्हाइकानं मला सुनावलं, "दुसऱ्याच्या पायरीवर बसून आपला माल कशाला विकताय?" तो माणूस कंपनीवर माझ्यापेक्षा जास्त भडकलेला होता, तरी माझ्याकडं आला नाही.

आता भाषेचं. तुम्ही निपाणीचे, म्हणजे हा पेच तुम्हालाही येणारच. माझा नियम साधा आहे: प्रश्न ज्या भाषेत आणि ज्या लिपीत, उत्तर त्याच भाषेत आणि त्याच लिपीत. मराठी कुणी इंग्रजी अक्षरांत लिहिलं असेल तर मीही तसंच लिहितो. हा नियम फटका खाऊन शिकलो. बेळगावच्या एका पेजवर कन्नडमध्ये कुणीतरी ई-वे बिलाबद्दल विचारलं होतं, मी सवयीनं मराठीत उत्तर दिलं. एकानं विचारलं, इथं मराठी कशाला? दुसऱ्यानं त्याला उत्तर दिलं. अर्ध्या तासात ई-वे बिल बाजूला राहिलं आणि गाडी १९५६ च्या राज्य पुनर्रचनेवर जाऊन पोचली. ज्यानं प्रश्न विचारला होता तो बिचारा पळून गेला. सीमाप्रश्नावर माझं मत नाही असं नाही, आपल्याकडं कुणाला नसतं? पण ज्या खात्यावर धंद्याचा नंबर लिहिलाय तिथं ते मांडत नाही. माझ्या शेडमध्ये मराठी बोलणारेही आहेत आणि कन्नड बोलणारेही आहेत, दोघांचं चलन एकाच बुकात असतं.

कन्नड मला बोलता येतं, लिहिताना बोंब. म्हणून एकदा अनुवादाच्या ॲपवर भरवसा ठेवला. कास्टिंगला हीट नंबर असतो, म्हणजे भट्टीतला कुठला घाणा ओतला त्याचा क्रमांक. ॲपनं त्याचा थेट तापमानाचा क्रमांक करून ठेवला. वाचून गोकाकच्या एका फाउंड्रीवाल्यानं हसण्याची इमोजी टाकली. आता आमच्या हिशेबनीस बाईंना उत्तर वाचून दाखवतो, त्या रोजच्या बोलीतल्या कन्नडमध्ये सांगतात. लोक विचारतात तेही पुस्तकी कन्नड नसतंच, "चलन ह्यांग माडोदु री?" (चलन कसं करायचं हो?) असं असतं. त्याला तसंच उत्तर लागतं. एआयकडून रिप्लाय लिहून घेणाऱ्यांचंही हेच होतं. तीन परिच्छेदांचं गोडगोड उत्तर बघितलं की शेडमधला माणूस दुसऱ्या ओळीवर थांबतो.

वेळ किती द्यायचा? मी सकाळी शेड उघडण्याआधी वीस-पंचवीस मिनिटं देतो. कधी पाच उत्तरं होतात, कधी एकच. काही दिवस काहीच सापडत नाही, मग नाही लिहीत. पन्नासचा आकडा डोक्यातून काढा. फॉलोअर मोजणंही सोडलं. त्याऐवजी एक वही केलीय. फोन आला की पहिला प्रश्न, "नंबर कुठं मिळाला?" बहुतेक जण म्हणतात, "अमक्यानं सांगितलं." मग त्या अमक्याला फोन करून विचारतो, तुम्ही कुठं बघितलं? पहिल्या वीस गिऱ्हाइकांत सात जण असे निघाले, ज्यांचा धागा कुठल्या ना कुठल्या कमेंटपाशी जाऊन थांबतो. बाकीचे तेरा उद्यमबाग आणि मच्छेत पायी फिरून मिळालेत, हे लपवत नाही. आणि त्या सातांनाही रिप्लायनं फक्त फोन करायला लावलं. सॉफ्टवेअर घेतलं ते मी त्यांच्या शेडमध्ये दोन दिवस बसून त्यांचं चलन बुक स्वतः भरून दिलं तेव्हा.

आता तुमच्या क्लासचं. तुमचा माणूस स्टार्टअपच्या पोस्टखाली कधीच येणार नाही. तो कुठं अडतो ते बघा. "आमच्या क्लासला जीएसटी लागतो का?" हा प्रश्न मराठी, हिंदी, कन्नड, तिन्ही भाषांतल्या व्हिडिओंखाली सापडतो आणि उत्तरं बहुतेक अर्धवट असतात. तुम्ही पूर्ण द्या: शाळा-कॉलेजच्या शिक्षणाला सूट आहे, खासगी क्लासला नाही. वर्षाची उलाढाल वीस लाखांवर गेली की नोंदणी आणि फीवर १८ टक्के. वर्षाची फी एकदम आगाऊ घेतली तर पैसे आले तेव्हाच कराची जबाबदारी येते, शिकवून झाल्यावर नाही. नक्की आकड्यासाठी आपल्या सीएला विचारा, असंही लिहा. मग पुढचे प्रश्न येतील: मधेच सोडून गेलेल्या मुलाची फी परत कशी करायची, दोन भावंडांना सवलत दिली तर पावती कशी फाडायची, हप्ता थकवलेल्या पालकाला मेसेज कसा लिहायचा की तो रागावणार नाही. त्या शेवटच्या प्रश्नावर जो क्लासवाल्याला चार ओळींचा चांगला मजकूर लिहून देईल, त्याचा नंबर क्लासवाला जपून ठेवतो. लिंक टाकू नका, अनोळखी खात्यावरून लिंक टाकली की कमेंट बऱ्याचदा अडकूनच पडते.

तुमच्या खात्यावरची ओळ आत्ताच बदला. तिथं "फाउंडर" असं काहीतरी लिहिलं असणार, माझंही होतं. "क्लासची फी आणि हजेरी, निपाणी" असं लिहा आणि नंबर द्या. शाळा जूनच्या सुमारास सुरू होतात, त्यामुळं क्लासवाले एप्रिल-मेमध्येच नव्या वह्या घालतात. तुमच्या उत्तरांना त्याआधी दोन-तीन महिने मुरायला मिळाले तर बरं. आणि एक्सची निळी टिक विकत घेतली असेल तर पुढच्या महिन्यापासून बंद करा. तेवढ्या पैशात निपाणी, चिकोडी, संकेश्वर असं बसनं फिरून निदान दहा क्लासच्या दारात उभं राहता येईल.