नाताळाची गोष्ट घरी मोठ्यानं वाचायची आहे? मग एवढं सांभाळा

ताई, आधी पुस्तक निवडताना मोह आवरा. लेकरं चार-पाच वर्षांची असतील तर दहा मिनिटांत संपेल एवढीच गोष्ट घ्या. शंभर पानी पुस्तक तिसऱ्या दिवशी कपाटात जातं.

नाताळच्या आदल्या रात्रीसाठी बायबलमधल्या लूकच्या पुस्तकाचा अध्याय 2, वचनं 1 ते 20 पुरेत. सावकाश वाचलं तर चार-पाच मिनिटं. मागी लोक, म्हणजे बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी, मात्र लूकमध्ये नाहीत, ते मत्तयच्या पुस्तकात, अध्याय 2 मध्ये आहेत. तेही तीनच होते असं तिथं कुठं लिहिलेलं नाही. लेकरं हे विचारतातच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आधी न वाचता बसणं. 'कैसर औगुस्त' या रोमी सम्राटाच्या नावापाशी जीभ अडली की लेकरं हसतात आणि पुढचं सगळं वाहून जातं. दुपारीच एकदा मोठ्यानं वाचा, थांबायच्या जागी पेन्सिलीनं उभी रेघ मारा. देवदूताच्या 'भिऊ नका'आधी एक रेघ हवीच. तिथं श्वास घ्या, लेकरांकडं बघा, मग बोला.

दुसरी चूक, प्रत्येक पात्राला वेगळा आवाज काढणं. मेंढपाळाचा आवाज पुढच्या पानावर हेरोद राजाला जातो. सध्या फक्त वेग बदला.

चित्रं असतील तर पुस्तक छातीशी, पानं लेकरांकडं; उजेड तुमच्या खांद्यामागून. आपल्याकडं लाईटचा भरवसा नाही, बॅटरी चार्ज करून जवळ ठेवा. आणि आजीला एखादं पान द्याच, चष्म्यासकट. गाणी म्हणणारी मंडळी दारात येण्याआधी उरका, नाहीतर निम्मी गोष्ट उद्यावर.