१९९५ ची पहिली बीच सॉकर जागतिक स्पर्धा खरी होती की निवृत्त खेळाडूंची करमणूक?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की तुमचा मुलगा रोज संध्याकाळी वाळूत फुटबॉल खेळतो, आणि १९९५ च्या रिओमधल्या स्पर्धेतली नावं पाहून तुम्हाला हा "म्हाताऱ्यांचा खेळ" वाटला, त्यात त्याने वेळ घालवावा का. हे शब्द वाचले आणि लिहायला बसलो, कारण घरात मी तीस वर्षं हेच ऐकतोय.

स्पर्धा खरी होती. कोपाकबानाच्या वाळूवर आठ देशांचे संघ उतरले आणि अंतिम सामन्यात ब्राझीलने अमेरिकेला ८-१ हरवलं. ब्राझीलच्या संघातला नावाजलेला झिको तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा, आदल्याच वर्षी जपानच्या काशिमा क्लबकडून खेळून थांबलेला. त्याचा साथीदार ज्युनियर चाळिशीतला. स्पर्धेतल्या इटलीच्या संघात अल्टोबेली, १९८२ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातला तिसरा गोल मारणारा. वयं तुम्ही बरोबर मोजलीत, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकला. का, ते सांगण्यासाठी मला मालवणला जावं लागेल.

त्याच वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. माझा थोरला भाऊ मुंबईला कॉलेजच्या संघातून खेळायचा. सुट्टीला घरी आला तो नवे स्टडचे बूट घेऊनच. आम्ही पोरं चिवल्याच्या वेळेवर, म्हणजे किनाऱ्यावर, खेळायचो. मासेमारीची रापण ओढून झाली, जाळी आवरली की चार चपला रोवायच्या आणि सुरू. दादा दोन दिवस काठावर उभा राहून बघत होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "वाळूत खेळान कोण मोठो झालो रे? ह्यो फुटबॉल न्हय."

मी म्हटलं, मग खेळून दाखव. त्याच्याबरोबर आलेले दोन मित्र आणि गावातली दोन धडधाकट पोरं असे ते पाच, आम्ही पाच. दादाला ओहोटीच्या कडेची ओली वाळू हवी होती, कारण तिथे चेंडू थोडा तरी घरंगळतो. मी वरची सुकी वाळू धरून बसलो, कारण आम्ही रोज तिथेच खेळायचो. शेवटी सुकीवर खेळलो, सगळे अनवाणी.

पहिली पाच मिनिटं दादा भारी होता. दम, ताकद, वेग, सगळं आमच्यापेक्षा जास्त. पण त्याने पास दिला की चेंडू दोन हातांवर जाऊन रुतायचा. तो पळत जाऊन परत मारायचा, परत रुतायचा. सुक्या वाळूत चेंडू जमिनीवरून चालत नाही, त्याला उचलावा लागतो. पायाच्या बोटांनी खालून काढायचा, मांडीवर घ्यायचा आणि खाली पडू न देता पुढच्याकडे द्यायचा. गोलकडे पाठ असेल तर वळायला वेळ नसतो, तसंच आडवं होऊन डोक्यावरून मारायचं. पाठ वाळूवर आपटते, लागत नाही. आमच्यातल्या पाड्यावरच्या एका पोराने असे दोन गोल केले. दहाव्या मिनिटाला दादाच्या पोटऱ्या भरून आल्या. वाळू पाय धरून ठेवते, प्रत्येक पाऊल उपसून काढावं लागतं. आम्ही दम लागला की बाहेर बसायचो, दुसरा आत यायचा. त्याच्याकडे बदली कोणीच नव्हतं. ९-२. खेळ संपल्यावर तो म्हणाला, तू मुद्दाम सुकी वाळू निवडलीस, ही फसवणूक आहे.

तेव्हा आम्हा कोणालाच ठाऊक नव्हतं की त्याच वर्षी रिओत हेच झालं होतं. ज्युनियर लहानपणी कोपाकबानावर खेळून वाढलेला. चाळिशीत त्याचा वेग गेला असेल, पण चेंडू हवेत ठेवायची सवय पायात राहते. म्हणून सांगतो, त्या वर्षीचा ब्राझील नुसत्या नावांवर जिंकला नाही. नावं इटलीकडेही होती.

नियमही सगळे वाळूतूनच आलेत. बारा-बारा मिनिटांचे तीन डाव, कारण त्याहून लांब कोणी पळू शकत नाही. हव्या तितक्या बदल्या. बूट नाहीत. तेव्हा तर ज्याला पाडलं त्यानेच फ्री किक मारायची आणि समोर खेळाडूंची भिंत लावायची नाही असंही होतं. किक मारण्याआधी खेळाडू पायाने वाळूची ढेकळी रचून चेंडू तिच्यावर ठेवतो. आम्हीही ठेवायचो, कोणी न शिकवता.

आता जे तुमच्या बाजूचं आहे तेही लिहितो. १९९५ ला पात्रता फेरी नव्हती, आठ संघ बोलावलेले होते. फिफाचा, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेचा, त्यात हात नव्हता. फिफाने २००५ साली स्पर्धा आपल्याकडे घेतली आणि तिचा विश्वचषक तिथूनच मोजला जातो. त्याआधीच्या दहाही स्पर्धा ब्राझीलमध्येच झाल्या आणि नऊ ब्राझीलने जिंकल्या. २००१ ची तेवढी पोर्तुगालने नेली. घरच्या वाळूचा फायदा होताच, हे मी मान्य करतो. पण २००५ ला त्याच कोपाकबानावर माजी फुटबॉलपटू एरिक कँटोनाच्या मार्गदर्शनाखाली फ्रान्स जिंकला आणि ब्राझील तिसरा आला. नुसती घरची वाळू पुरत नाही.

मुलाचं म्हणाल तर खेळू द्या. भवितव्याची हमी मी देत नाही. आपल्याकडे राष्ट्रीय बीच सॉकर स्पर्धा २०२३ साली सुरू झाली, सुरतला, केरळ जिंकला. त्याच वर्षी गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांमध्येही हा खेळ होता. आमच्या वेळी एवढंही नव्हतं. मैदानावरही पाठवा, दोन्ही करू द्या. फक्त घरातल्या कोणाला त्याच्यासमोर "हा फुटबॉल नव्हे" म्हणू देऊ नका. मी त्या मे महिन्यानंतर दोन वर्षं किनाऱ्यावर खेळायला गेलो नाही, आणि वयाची ती दोन वर्षं परत मिळत नाहीत.

नोव्हेंबर २००९ मध्ये मी दुबईत नोकरीला होतो. तिथे बीच सॉकरचा विश्वचषक झाला, अंतिम सामन्यात ब्राझीलने स्वित्झर्लंडला १०-५ हरवलं, तो मी बघितला. त्याच रात्री दादाला फोन केला आणि सांगितलं, नियमात लिहिलंय की वाळू मऊ हवी आणि निदान चाळीस सेंटीमीटर खोल हवी. ओहोटीच्या कडेच्या घट्ट वाळूवर खेळायचंच नसतं. तो म्हणाला, "त्या दिवशी सात-दोन होता."

दादा, नऊ-दोन होता.