जुना आयई 800 घेऊ की नवा आयई 900?

हे बघ मित्रा, सेनहायजर कंपनीचा आयई 800 हा कानात घालायचा इअरफोन आला 2012 ला, 800 एस 2017 ला आणि आयई 900 आला 2021 ला, पण तिन्हीत प्रत्येक कानाला एकच 7 मिमीचा डायनॅमिक ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा छोटा स्पीकर, आहे, त्यामुळे नवा म्हणजे जास्त ड्रायव्हर असं डोक्यातच आणू नकोस. 900 च्या अ‍ॅल्युमिनियम बॉडीत तीन छोटे रेझोनेटर चेंबर, म्हणजे नको तो आवाज शोषणारे पोकळ कप्पे, कोरलेत, त्यानं वरचे सूर टोचत नाहीत, खरी करामत तिथंय. 800 चा बास मस्त भरदार, ढोलकी ऐकायला जाम मजा येते, 900 चा बासही कमी नाही पण जास्त घट्ट वाटतो मला, गायकाचा आवाज मात्र दोन्हीत किंचित मागेच.

सेकंडहँड 800 स्वस्तात दिसला तर आधी केबल बघ, कारण ती इअरपीसपासून निघतच नाही, एका बाजूचा आवाज गेला की रिपेअरची कटकट, आणि टिप्सही, म्हणजे कानात जाणारी मऊ टोकं, त्याच्या स्वतःच्याच लागतात, बाजारातल्या नेहमीच्या बसत नाहीत. 900 ची केबल निघते, एमएमसीएक्स नावाचा जोड आहे, पण सॉकेट आत दबलेलं असल्यानं दुसरी कुठलीही केबल बसेलच असं नाही, घ्यायच्या आधी विचारून घे.

ऐकताना दोन्हीचा आवाज सारखा ठेव प्लीज, जो जरा मोठा वाजतो तोच भारी वाटतो. टिप नीट बसली नाही तर बास गायब होतो, म्हणून साइज बदलून बघितल्याशिवाय कुठल्याच मॉडेलला नावं ठेवू नकोस. बजेट असेल तर माझं मत सरळ 900.