कपाटातली डिस्क आणि बंद दार

प्रश्न : घरच्या विंडोज 10 कॉम्प्युटरवर सगळे फोटो आणि हिशेब डी ड्राइव्हवर आहेत. विंडोजमधलं रॅन्समवेअर प्रोटेक्शन चालू केलं आहे आणि बॅकअपची हार्ड डिस्क कायम जोडलेली असते. एवढं पुरेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : नाही पुरणार. सगळ्यात मोठा धोका त्या कायम जोडलेल्या डिस्कचाच आहे. रॅन्समवेअर, म्हणजे फाइलना कुलूप लावून पैसे मागणारा प्रोग्राम, सी, डी, ई असे दिसतील ते सगळे ड्राइव्ह चाळतं, म्हणजे मूळ फाइल आणि तिची प्रत एकाच रात्रीत जाते. विंडोजने राखलेल्या फाइलच्या जुन्या आवृत्त्याही बहुतेक रॅन्समवेअर आधीच पुसून टाकतं, त्यामुळे सिस्टिम रिस्टोअरच्या भरवशावर राहू नका.

दोन डिस्क घ्या आणि आलटून पालटून वापरा. आठवड्यातून एकदा जोडायची, कॉपी झाली की इजेक्ट करून कपाटात ठेवायची. जोडण्याआधी डी ड्राइव्हवरचे पाच-सहा जुने फोटो उघडून बघा. ते उघडत नसतील तर डिस्क जोडूच नका. दर वेळी तारखेच्या नावाने नवा फोल्डर करा. जुन्याच फोल्डरवर कॉपी केलीत तर बिघडलेल्या फाइल चांगल्या प्रतीवर बसतात.

रॅन्समवेअर प्रोटेक्शनमधलं कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस (परक्या प्रोग्रामला फाइल बदलू न देणारी सोय) सुरुवातीला डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असे ठरावीक फोल्डरच राखतं. डी ड्राइव्ह त्यात नसतो. प्रोटेक्टेड फोल्डर्समध्ये जाऊन तुमचे फोल्डर स्वतः जोडा. दुसरा अँटिव्हायरस टाकला असेल तर डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, मागे सरतो आणि ही सोयही बंद पडते, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. चालू केल्यावर एखादा नेहमीचा प्रोग्राम 'फाइल सेव्ह होत नाही' म्हणू लागला, तर तेवढ्याच प्रोग्रामला परवानगी द्या. सगळी सोय बंद करू नका.

आणखी एक. विंडोज 10 चा नेहमीचा पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केली नसेल तर नव्याने सापडलेली भोकं तुमच्याकडे उघडीच राहतील.

प्रश्न : जुन्या मीडिया प्लेअरसाठी एसएमबी 1 (नेटवर्कवरून फाइल देण्या-घेण्याची विंडोजची जुनी पद्धत) चालू करायला सांगतात. आम्ही अनोळखी फाइल उघडतच नाही, मग काय बिघडतं? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : 12 मे 2017 ला पसरलेल्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरला कुणी फाइल उघडण्याची गरजच नव्हती. एसएमबी 1 मधल्या चुकीचा फायदा घेऊन तो पोर्ट 445 वरून (पोर्ट म्हणजे नेटवर्कसाठीचं क्रमांकाचं दार) एका कॉम्प्युटरमधून दुसऱ्यात शिरत होता. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती 14 मार्चलाच आली होती, पण असंख्य लोकांनी ती बसवलेली नव्हती. त्याच वर्षी 27 जूनला नॉटपेट्या या दुसऱ्या घातक प्रोग्रामने तीच वाट धरली आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम बंद पडलं. नॉटपेट्या चोरलेल्या पासवर्डनेही पसरत होता, म्हणून अपडेट केलेले कॉम्प्युटरही त्याच्या तावडीत सापडले.

तेव्हा एसएमबी 1 बंदच ठेवा. 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ'मध्ये त्याच्या नावापुढची खूण काढून कॉम्प्युटर रिस्टार्ट करा. प्लेअरला सिनेमे पेनड्राइव्हने द्या. राउटरच्या पानावर पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये (इंटरनेटवरून आत येण्यासाठी उघडलेल्या दारांची यादी) 445 किंवा 3389 दिसला तर काढून टाका आणि यूपीएनपी, म्हणजे अशी दारं आपोआप उघडणारी सोय, बंद करा. 3389 म्हणजे रिमोट डेस्कटॉप, दुरून कॉम्प्युटर चालवण्याची सोय. तो इंटरनेटला उघडा असला की पासवर्ड ओळखण्याचे प्रयत्न अखंड चालतात.

प्रश्न : फुकटचं क्रॅक सॉफ्टवेअर टाकल्यावर सगळ्या फाइलना विचित्र एक्स्टेन्शन लागलं आणि 'रीडमी'त पैसे मागितले आहेत. – एक वाचक, लातूर

उत्तर : आधी नेटची वायर आणि वायफाय तोडा, बाहेरच्या डिस्क काढा. फाइल आणि ती चिठ्ठी पुसू नका. लक्षणं स्टॉप-डीजेव्हीयू या रॅन्समवेअर कुळाची दिसतात. चिठ्ठीतला पर्सनल आयडी 't1' ने संपत असेल तर ऑफलाइन किल्ली (अनेकांच्या फाइलना लावलेली एकच किल्ली) वापरली गेली आहे, आणि ती किल्ली हाती आली असल्यास एम्सिसॉफ्ट या सुरक्षा कंपनीच्या मोफत साधनाने फाइल सुटू शकतात. आधी कॉम्प्युटर साफ करा, नाहीतर सुटलेल्या फाइल पुन्हा अडकतील. हे कूळ फाइलचा सुरुवातीचा सुमारे 150 केबी भागच बिघडवतं, त्यामुळे मोठे व्हिडिओ दुरुस्त होण्याची आशा असते. याच्यासोबत अनेकदा पासवर्ड चोरणारा प्रोग्रामही येतो. म्हणून बँक आणि ईमेलचे पासवर्ड आजच, या कॉम्प्युटरवरून नाही तर फोनवरून बदला आणि 1930 या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.