अकीका म्हणजे बारसे का?

मुस्लिम विधींविषयीच्या मजकुराचा अनुवाद करताना 'अकीका' या नवजात बाळाच्या विधीला बारसे आणि 'निकाह'ला विवाहसंस्कार म्हटले तर चालेल का, असा प्रश्न आहे. माझे मत स्पष्ट आहे: दोन्ही नकोत.

बारसे हा शब्द बाराव्या दिवसावरून आला, तर अकीका सातव्या दिवशी करतात. तेव्हा जमले नाही, तर चौदाव्या किंवा एकविसाव्या. नाव ठेवणे हा त्यातला एक भाग झाला. बाळाचे केस काढतात, त्या केसांच्या वजनाइतकी चांदी दान करतात आणि बकऱ्याची किंवा मेंढ्याची कुर्बानी देतात. जुन्या अरबी कोशांत 'अकीका'चा एक अर्थ मिळतो तो जन्मतःच डोक्यावर असलेल्या केसांचा, म्हणजे चक्क आपले जावळ! शब्दाच्या मूळ अरबी धातूचा अर्थ चिरणे, कापणे. केसांचे नाव पुढे त्या प्रसंगीच्या कुर्बानीला आणि मग सगळ्या विधीलाच लागले, अशी त्याची उपपत्ती देतात. म्हणजे जवळचा मराठी शब्द शोधायचाच तर तो बारशापेक्षा जावळाच्या बाजूला सापडतो. तरीही 'अकीका' तसाच ठेवावा आणि पहिल्या उल्लेखात अर्धे वाक्य खुलाशाचे द्यावे.

'सुंता' मात्र बिनधास्त वापरा, तो मराठीत मुरलेला आहे. तो 'सुन्नत'वरून आला. सुन्नत म्हणजे पैगंबरांचा आचार, त्यामुळे मूळ अर्थ फार व्यापक, अकीकाही सुन्नतच. नुसत्या विधीचे नाव हवे असेल तर 'खतना' आहे.

आता निकाह. हिंदू धर्मशास्त्रात विवाह हा संस्कार. इस्लामी कायद्यात निकाह हा करार आहे, धर्माने पवित्र मानलेला, पण करारच. एका बाजूने प्रस्ताव (ईजाब), दुसऱ्या बाजूने स्वीकार (कबूल), दोन्ही एकाच बैठकीत आणि साक्षीदारांसमोर. आपण उठताबसता 'कबूल आहे' म्हणतो, ते हेच कबूल. 'संस्कार' म्हटले की हा करारच वाचकाच्या नजरेआड होतो. 'निकाह झाला', 'काझींनी निकाह पढवला' ही वाक्ये मराठीत छान बसतात.

इथे एका चुकीची मला खरोखर चीड येते: 'मेहर'चे भाषांतर 'हुंडा'. हुंडा वधूकडून वराकडे जातो. मेहर वराने वधूला द्यायची असते, ती तिच्या एकटीच्या मालकीची असते आणि ती आनंदाने द्या, असे कुरआनच्या चौथ्या सूरेत (अध्यायात), अन्निसामध्ये, सांगितले आहे. अर्थ अगदी उलटा होतो! शब्द हवाच असेल तर 'स्त्रीधन' जवळ जाईल, पण 'मेहर'च बरा. वलीम्याला 'निकाहनंतरची मेजवानी' म्हटले की पुरे.

'अंत्यसंस्कार' या शब्दाबाबत मी हट्ट धरणार नाही. तो आता सर्वांसाठीच वापरला जातो. 'जनाजा' म्हणजे पार्थिव किंवा ते ज्यावरून नेतात ती तिरडी, आणि प्रसंगाने अंत्ययात्रासुद्धा. गुस्ल म्हणजे अंघोळ, मग कफन, मग जनाज्याची नमाज आणि दफन, हा क्रम सांभाळा. ही नमाज उभ्यानेच होते: चार तकबीर ('अल्लाहु अकबर' म्हणणे), रुकू (कमरेत वाकणे) नाही, सजदा (जमिनीला माथा टेकणे) नाही. तेव्हा 'सर्वांनी जमिनीला माथा टेकून जनाज्याची नमाज अदा केली' असे वाक्य मसुद्यात दिसले, तर ते खोडून टाका.