अकरा वर्षांचं फायकस दीड हजाराला द्यायचं का?

प्रश्न: ताई, नमस्कार. मी नाशिकला असते, टेरेसवर लहानमोठी मिळून साठेक बॉन्साय आहेत, सगळी घरीच वाढवलेली. आता पाणी घालणं झेपत नाही म्हणून थोडी विकायची ठरवलीत. सोसायटीतले एक गृहस्थ येऊन माझं सगळ्यात जुनं फायकस बघून गेले, अकरा वर्षांचं आहे, खोड मनगटाएवढं, खालच्या फांदीवर, तिला वळण द्यायला गुंडाळलेल्या वायरचा एक वळ राहिलाय तेवढाच दोष. ते म्हणाले दीड हजार देतो, आणि मला काही बोलताच आलं नाही. इथल्या नर्सरीत 700 ला बॉन्साय मिळतं, आणि आमचे हे म्हणतात पंधरा हजाराच्या खाली हात लावू देऊ नकोस. रेट नेमका ठरवायचा कसा?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: दीड हजाराला देऊ नका, हे आधी सांगते, बाकीचं सावकाश बोलू.

एक वही घ्या आणि त्या एका झाडाचा हिशोब मांडा. रोप आणलं तेव्हाचे 60, सिरॅमिक ट्रेचे 600 धरा, अकरा वर्षांत पाचेक वेळा रिपॉटिंग झालं असेल तर दर वेळी विटांचा चुरा, शेणखत, निंबोळी पेंड मिळून 100 म्हणजे 500, अॅल्युमिनियमच्या वायरचे 200, किरकोळ खतं-औषधांचे 300. झाले 1,660. म्हणजे दीड हजारात नुसतं सामानही निघत नाही. आता वेळ. बहुतेक जण इथे थांबतात, 'पाणी तर घालायचोच ना रोज' म्हणतात, पण साठ झाडांना रोज चाळीस मिनिटं लागत असतील तर एका झाडाच्या वाट्याला रोजची चाळीस सेकंद येतात, वर्षाचे साधारण चार तास झाले! त्यात छाटणी, वायर लावणं, ती वेळेवर काढणं, माती बदलणं याचे अजून तीन धरा. सात तास वर्षाला, अकरा वर्षांचे सत्त्याहत्तर. तासाला फक्त 50 रुपये लावलेत तरी 3,850 होतात. एकूण साडेपाच हजार. यात मेलेली रोपं धरलेली नाहीत आणि तुम्ही गावाला गेलात तेव्हा शेजारणीने घातलेलं पाणीही नाही.

पण हा आकडा म्हणजे किंमत नव्हे हं. घेणाऱ्याला तुमच्या चाळीस सेकंदांशी काही देणंघेणं नसतं, त्याला समोर जे दिसतं त्याचे तो पैसे देतो. या आकड्याचा उपयोग एवढाच की याच्या खाली गेलात तर खिशातनं जातात हे माहीत असावं.

किंमत झाडात बघायची. सकाळच्या उन्हात ट्रे डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, मातीच्या वरच्या थरावर हळूच बोटं फिरवा, मुळं सगळ्या बाजूंनी पसरलीत की एकाच अंगाला दोरीसारखी गुंडाळून बसलीत ते कळेल. खोड खाली जाड आणि वर बारीक होत गेलंय का, का खालून वरपर्यंत काठीसारखं एकाच जाडीचं आहे? पहिली फांदी कुठे सुटलीय? जुन्या काटणीच्या जखमा भरल्यात का? वर्षं या सगळ्यानंतर येतात. लहान ट्रेमध्ये खोड फारसं भरत नाही, त्यामुळे तीन-चार वर्षं जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत मोकळं वाढवून मग छाटलेलं झाड पंधरा वर्षं ट्रेमध्ये काढलेल्या झाडापेक्षा कितीतरी भारदस्त दिसतं, आणि तसं दिसतं तर त्याला पैसेही जास्त मिळायला हवेत, वय कमी असलं तरी. नुसतं 'अकरा वर्षं' म्हणून किंमत मागितलीत तर समोरचा मान डोलावतो आणि निघून जातो, हे मी खूपदा बघितलंय.

नर्सरीतल्या 700 च्या झाडाने मात्र अजिबात खचू नका. ते बहुतेक जिनसेंग फायकस असतं, बटाट्यासारखी फुगलेली मुळं आणि वर कलम केलेला शेंडा, नाहीतर एस आकारात वळवलेलं खोड. एकाच साच्यातली हजारो तयार होतात, म्हणून स्वस्त. ज्याला टेबलावर हिरवं काहीतरी हवंय त्याने ते खुशाल घ्यावं, तो तुमचा कस्टमर नाहीच.

तुमच्या वर्णनावरनं मी 7,500 सांगेन आणि 6,500 च्या खाली येणार नाही. पंधरा हजार नाही, कारण वळ पहिल्याच फांदीवर आहे आणि बघणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. घाई नसेल तर ती फांदी एक पावसाळा न छाटता मोकळी सोडा, फायकस जोमात वाढतं, फांदी जाड झाली की वळ बराच बुजतो, मग हजारभर जास्त मागा. आणि ट्रेची किंमत वेगळी सांगा. 'साध्या प्लॅस्टिक ट्रेमध्ये एवढे, सिरॅमिकमध्ये एवढे' असं म्हटलं की घासाघीस ट्रेवर होते, झाड सुटून जातं. चिनीमातीच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या खुर्जाचे चांगले ट्रे तुम्ही साठवून ठेवले असतील, ते उगाच झाडाबरोबर फुकट जाऊ देऊ नका.

एक माझ्या घरचं सांगते. पहिल्यांदा विकायला काढलं तेव्हा माझ्याकडे नऊ वर्षांची कामिनी होती, ट्रेवर झुकलेली, पांढऱ्या फुलांनी भरलेली, जिन्यापर्यंत वास यायचा. पैसे मागायचा इतका संकोच वाटला की मी 1,200 बोलून गेले. त्या बाईंनी एका शब्दाने भाव केला नाही, लगेच पैसे काढले, तेव्हाच कळलं काय झालं ते. पण मला जास्त लागलं ते पुढचं. तीन आठवड्यांनी फोन आला, पानं गळतायत म्हणून. गेले तर झाड हॉलमध्ये टीव्हीशेजारी, वर एसी, माती कडक झालेली. वाचलं नाही. तेव्हापासून मी झाड देताना दहा मिनिटं बसवून सांगतेच, ऊन किती, पाणी कधी, घरात दोन दिवसांच्या वर नको, आणि पहिले तीन महिने काही झालं तर माझ्याकडे आणून द्या म्हणते. हा वेळही किंमतीत धरते. कमी पैशात झाड दिलं की घेणाऱ्यालाही ते कमी पैशाचंच वाटतं हो, आणि सोसावं झाडाला लागतं.

अजून एक, खरा पैसा मोठ्या झाडात नाहीये. जेडच्या फांद्या लावा, फायकसची गुटी बांधा, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फुटू द्या आणि मग कापून लावा, दीड-दोन वर्षांत खोडाला एखादं वळण आणून साध्या कुंडीत 300-400 ला द्या. शिकणारी मुलं हेच शोधत असतात, त्यांना स्वतः छाटायचं असतं. साठातली वीस जागा याला दिलीत तर मोठ्या झाडांसाठी योग्य माणूस येईपर्यंत थांबायला धीर राहील. आणि जी तीन-चार जिवाभावाची आहेत त्यांना किंमतच लावू नका, ती वेगळ्या स्टँडवर ठेवा म्हणजे कुणी विचारणार नाही.

प्रश्न: जुन्या वाड्याच्या भिंतीतनं मालकाला विचारून पिंपळ काढला, खर्च शून्य. दोन महिने झालेत, पालवी छान आलीय. एकजण 5,000 द्यायला तयार आहे, देऊ का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: आत्ता नका देऊ, प्लीज. भिंतीतनं काढताना बरीच मुळं तुटतात आणि झाड खोडात साठवलेल्या जोरावर पालवी काढतं, त्यामुळे दोन महिन्यांची पालवी म्हणजे झाड लागलं असं नाही. एक पूर्ण पावसाळा आणि त्यानंतरचा उन्हाळा काढू द्या, मग कुंडीच्या तळाच्या भोकातनं पांढरी मुळं दिसायला लागली की विका. खर्च शून्य असला तरी किंमत शून्य नाही, भिंतीत दबून वाढलेल्या खोडाला जे पीळ येतात ते कुणाला वायर लावून जमत नाहीत. तेव्हा 5,000 पेक्षा जास्त मागा, मिळतील. पिंपळाचं पान फार लहान होत नाही म्हणून तो आटोपशीर ट्रेमध्ये कोंबू नका, मोठाच ठेवा. घरात पिंपळ चालतो का असं कुणी विचारलं तर वाद घालू नका, त्यांना उंबर किंवा चिंच दाखवा.

प्रश्न: अडेनियम विकते. प्रत्येकजण 'किती वर्षांचं?' विचारतो, पाचाचं पंधरा सांगितलं तर पटकन जातं असं मैत्रीण म्हणते.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: नका सांगू. अडेनियमचं बुड लवकर फुगतं, त्यामुळे पाच वर्षांचंही जुनं दिसतं, आणि जाणकार माणूस पुढच्या रविवारी ते बघून तुमचं नाव चार जणांना सांगतो. दरवर्षी एकाच कोपऱ्यातनं फोटो काढून ठेवा, मोबाईलवर तारखेसकट दाखवता येतो, त्याने खात्री पटते. विकायला काढा ती फुलं असताना, तेच झाड बिनफुलाचं असताना कुणी वळून बघत नाही. आणि रेटचा अंदाज हवा असेल तर जानेवारीत पुण्याला एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात एक दिवस काढा, नर्सऱ्यांचे स्टॉल असतात, वही घेऊन फिरा, संध्याकाळी कुठली झाडं शिल्लक राहिलीत तेही बघा.